गुरुवारची खोली

३ मार्च

ताई,

खुशाली विचारत बसत नाही, तू बरीच असणार. फोन लावला तर तू उचलत नाहीस, उचललास तर "नंतर बोलते" म्हणतेस, आणि ते नंतर काही येत नाही. मागच्या वेळी तुझ्या सासूबाईंनी उचलला. कोण बोलतंय विचारलं तर काय सांगायचं हे तू मला कधी शिकवलं नाहीस, म्हणून "हॉस्पिटलमधून" एवढंच म्हणून ठेवून दिला. खोटं नव्हतं ते, लाँड्रीतूनच बोलत होते. म्हणून आता पत्र, तेही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. फाडायचं असलं तरी आधी उघडावं लागेल.

बारक्या बरा नाही.

ताप-खोकला असता तर तुला लिहिलं नसतं. जानेवारीत इथे शाळेची बस उलटली. तुमच्याकडच्या पेपरातही आलं असेल. सगळी मुलं आमच्याच हॉस्पिटलात आणली. जी वाचली ती वॉर्डात गेली, जी वाचली नाहीत ती तळघरात, बारक्याकडे. तो बाबांच्या जागेवर शवागारात लागला हे तुला आठवत असेल अशी आशा आहे. फरक एवढाच, बाबा पक्के होते आणि हा कंत्राटी. दोन दिवस घरी आला नाही. आला तो सरळ मोरीत गेला आणि तेव्हापासून हात धुतोय. जेवायच्या आधी, जेवल्यावर, जेवता जेवता मध्येच उठून. बोटांच्या पेरांवरची कातडी निघालीय. त्यावर मलम लावलं तर मलम लागलं म्हणून परत धुतो.

चिमणी आता सात वर्षांची आहे, तू तिला पाळण्यात बघितलंस. तिच्या आईची सकाळची शिफ्ट, त्यामुळे पोरीच्या वेण्या कायम बापच घालायचा, आणि असल्या घट्ट की पोर संध्याकाळपर्यंत भुवया ताणून फिरायची. आता तो तिच्या केसाला हात लावत नाही. केसालाच काय, तिलाही नाही. ती जवळ आली की दोन्ही हात पाठीमागे नेतो. पोरीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. परवा मला विचारत होती, "आत्या, मला वास येतो का गं?"

आता माझी तिडीक कुठे आहे ते ऐक. अपघातानंतर हॉस्पिटलने मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला, मनावरचा ताण हलका करायचा. बाहेरून तज्ज्ञ बोलावले. डॉक्टरांना बोलावलं, नर्सना बोलावलं, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांनाही बोलावलं. शवागारातल्या माणसांना नाही बोलावलं, कारण ती कंत्राटदाराची माणसं. हॉलमधल्या खुर्च्या मात्र बारक्याने आणि त्याच्या जोडीदाराने मांडल्या. गोल मांडा म्हणाले, म्हणजे सगळ्यांना एकमेकांचे चेहरे दिसतील. मांडून झाल्यावर यांना म्हणाले, जा आता, दार लोटून घ्या.

लोक तुझ्यासमोर येऊन बसतात, बोलतात, तू ऐकतेस आणि त्यांना बरं वाटतं. हाच ना तुझा धंदा? हेच शिकायला तू गेलीस. मग आता हा तुझा सख्खा भाऊ आहे. काय करायचं ते कळव. उपदेश नको, उपाय कळव.

मधली


२१ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. खाली सही नसती तर मला वाटलं असतं बँकेतून आलंय.

"नात्यातल्या व्यक्तीवर उपचार करणं आमच्या पेशात बसत नाही." बरं. बसत नसेल. आम्ही तुझ्या कशातच बसत नाही, तर पेशात कुठून बसणार. मी तुला उपचार कर म्हटलं नव्हतं, काय करायचं ते सांग म्हटलं होतं. तू तीन हेल्पलाइनचे नंबर पाठवून हात झटकलेस.

नंबर लावले. पहिल्यावर संगीत लागलं, ते संपेचना. दुसरा बंद. तिसऱ्यावर एक मुलगा बोलला, आवाजावरून सभ्य. मी फोन बारक्याच्या कानाला लावला आणि स्पीकर चालू केला. मुलाने विचारलं, "आपल्याला अलीकडे नैराश्य अथवा निरर्थकतेची भावना जाणवते का?" बारक्याने फोनवर हात ठेवून मला विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "उदास वाटतं का विचारतोय." तर हा फोनवर म्हणतो, "नाही साहेब, कामावर जातो की." मुलगा म्हणाला, "छान." झाली तुझी हेल्पलाइन.

तू लिहितेस की तुमच्याच हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे, तिथे का नेत नाहीस. तू इथेच वाढलीस ना? दुसऱ्या मजल्यावर तो विभाग. तिथे झाडू-पोछा करतो आपला मामा. औषधाच्या खिडकीजवळची फरशी पुसते बारक्याच्या बायकोची मावशी. लिफ्टवर बसतो तो आपल्या समोरच्या क्वार्टरातला. केसपेपर काढून माणूस बाकावर टेकायच्या आत वस्तीभर होईल की याचं डोकं फिरलं. तिथून मुकादमाच्या कानावर, मुकादमाकडून कंत्राटदाराच्या. डोकं फिरलेल्या माणसाला कंत्राटदार एक दिवस ठेवायचा नाही. बाकीच्या जगाला दवाखाना लांब पडतो. आम्हाला जवळ पडतो, ही आमची अडचण.

तरी नेलं मी त्याला. आधी मामाला गाठून सांगितलं, "बारक्याला वर घेऊन येतेय. तोंड उघडलंस तर तुझी एक दाढ जागेवर राहणार नाही." मामा म्हणाला, "मी कशाला बोलू बाई. माझ्या तोंडात मिठाची गुळणी." मावशीला आणि लिफ्टवाल्याला पण तेच सांगितलं, दाढा सोडून.

केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईने आमचे युनिफॉर्म बघितले आणि विचारलं, "कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं? पेशंटचं नाव सांगा." मी म्हटलं, "हाच पेशंट." तिने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आडनाव विचारलं आणि मान हलवली, जणू आता सगळं कळलं. दर गुरुवारी दुपारची वेळ दिली. समुपदेशक बाई आहेत, त्यांच्याशी बोलायचं, त्या ठरवतील डॉक्टरांची गरज आहे का. जेवणाच्या सुट्टीतच जाता येईल, म्हणजे युनिफॉर्मवरच जायचं. मला लाँड्रीतला चादरी इस्त्री करायचा रोलर सोडून वर जाता येणार नाही, त्याचा तोच जाईल.

बघ, तुझ्या पेशाच्या बाहेर किती कामं होतात.

मधली


१२ एप्रिल

ताई,

तुझ्यावाचून काही अडलं नाही, एवढंच कळवायला लिहितेय.

बारक्या गुरुवारी वर जातो, एकही चुकवला नाही. मी संध्याकाळी विचारते, "कशी आहे बाई?" तो म्हणतो, "चांगली आहे. आवाज चढवत नाही." "काय विचारते?" "फार काही विचारत नाही." "मग तू काय करतोस?" "मी माझं करतो आणि येतो." त्याला खोदून विचारू नये एवढं मलाही कळतं, तुझ्याएवढी शिकले नसले तरी.

पण खोलीचं बोलतो. खिडकीत एक कुंडी आहे, तिला पाणी कमी पडतंय. टेबलाखाली वायरींचा गुंता आहे, पाय अडकेल एखाद्याचा. कागदी रुमालांचा खोका ठेवलाय, लोक रडतात आणि टोपलीत टाकतात, टोपली दुपारपर्यंत भरलेली असते. इतकं सगळं तो घरातलंही सांगत नाही. दोन महिने भिंतीकडे बघणारा माणूस निदान टेबलाखाली तरी बघायला लागला. मी त्याच्या बायकोला म्हटलं, फरक पडतोय.

हात धुणं कमी झालेलं नाही. गुरुवारी तर जरा जास्तच धुतो. बरं होताना आधी खपली निघतेच, तसं असेल. चिमणीपासून अजून दोन हात लांबच असतो, पण मी पोरीला सांगितलंय की तुझ्या बाबाचं औषध चालू आहे, आणि तुला वास येत नाही.

मला वाटलं होतं, त्याचं एकदा मार्गी लागलं की तुझ्यावरचा राग उतरेल. उतरला नाही. उलट आता तुझ्याकडे मागायचं काही राहिलं नाही, त्यामुळे राग नुसताच उरलाय, बिनकामाचा. आई म्हणते, थोरलीला लिहिलंस तर माझा आशीर्वाद सांग. सांगितला.

मधली


२५ एप्रिल

ताई,

हे पत्र मी उभ्याने लिहितेय, इस्त्रीच्या टेबलावर. बसले तर उठून कुणाचं तरी डोकं फोडीन.

काल मामा लाँड्रीत आला. चादरींची गाडी न्यायला येतो तसा. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बारक्याला सांग, एवढं काही करायला नको. मी बोललो नाही ते काय उपकार म्हणून नाही." मी म्हटलं, "काय करायला नको?" म्हणाला, "दर गुरुवारी माझा पोछा घेऊन जातो ना आत. त्या बाईंची खोली पुसून देतो, टोपली रिकामी करतो. मला लाज वाटते गं. माझं काम आहे ते."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

बारक्या गच्चीवर चादरी वाळत टाकायला आला होता, आमच्याकडे माणूस कमी होता म्हणून. तिथे त्याला धरलं. "खरं सांग, बाईशी काय बोललास इतके गुरुवार?" तो चादरीला चिमटे लावत राहिला. मी चादर ओढून खाली टाकली, तेव्हा बोलला. पहिल्या दिवशी दार वाजवून आत गेला. बाई काहीतरी लिहीत होत्या. वर बघितलं, युनिफॉर्म बघितला, म्हणाल्या, "बरं झालं आलास. लवकर आटप, माझा पेशंट येईल आता. टोपली पण भरलीय बघ." हा बाहेर आला, कोपऱ्यातला मामाचा पोछा घेतला, खोली पुसली, टोपली रिकामी केली आणि परत आला. बाई पेशंटची वाट बघत बसल्या. पेशंट त्यांच्या टेबलाखाली होता.

"अरे मग सांगायचं नाही का, की मीच तो?"

"काय सांगायचं? तिने बघितलं आणि तिला वाटलं. मग मला पण वाटलं."

"काय वाटलं?"

"की पुसायलाच आलोय."

ताई, मला त्याला मारावंसं वाटलं. मग वाटलं, मारून काय सांगू, सरळ उभा राहा? सरळ उभं राहायला त्याला शिकवलंय कुणी? साहेब लोक दिसले की बाबा भिंतीला लागून चालायचे. आपण तिघं त्यांच्या मागे, भिंतीला लागून. तू तेवढी पहिल्यांदा वाटेच्या मधून चाललीस, आणि चालत चालत निघूनच गेलीस.

मी म्हटलं, "बरं, पहिला गुरुवार झाला. दुसऱ्यांदा कशाला गेलास? तिसऱ्यांदा? चौथ्यांदा?" तर म्हणतो, "तू संध्याकाळी विचारायचीस ना, काय झालं. तुला बरं वाटायचं."

मी जिन्याकडे निघाले. त्या बाईचं टेबल उलटं करायचं असंच डोक्यात होतं. बारक्याने माझं मनगट धरलं. घट्ट धरलं, त्या सोललेल्या हाताने. जानेवारीपासून त्याने कुणाला हात लावला असेल तर तो मला, आणि तोही मला अडवायला. म्हणाला, "जाऊ नकोस. दोघांची नोकरी जाईल. तिने शिवी दिली नाही, काही नाही. काय सांगशील?" आणि खरंच, काय सांगणार होते? की बाई, तुम्ही त्याला टोपली भरलीय म्हणालात?

आता तुला विचारते. त्या बाईच्या जागी तू असतीस तर? युनिफॉर्ममधला माणूस दारात आला असता तर तू त्याला बसा म्हटलं असतंस, की लवकर आटप म्हटलं असतंस? तुझी खोली कोण पुसतं? माणूस आहे की बाई? तिला मुलं आहेत? तिला झोप लागते?

मला नंबर नकोत. टाइप केलेलं पत्र नको. बारक्याला फोन कर. पेशात बसत नसेल तर बहीण म्हणून कर. केला नाहीस तर पुढचं पत्र मी तुझ्या सासूबाईंच्या नावाने टाकीन, आणि त्यात बाबा काय काम करायचे ते सविस्तर लिहीन. ही धमकीच आहे, दुसरं काही समजू नकोस.

मधली


१० मे

ताई,

या वेळचं पत्र तू हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, घाईत असल्यासारखं.

तू लिहिलंस की तुझ्यासमोरच्या खुर्चीत इतक्या वर्षांत आपल्यातला एकही माणूस येऊन बसला नाही. आणि त्याचं तुला वाईट नाही, बरं वाटायचं, कारण आला असता तर त्याने तुला ओळखलं असतं. खरं लिहिलंस. खरं लिहिलंस म्हणून माझा राग कमी होईल अशी समजूत असेल तर ती काढून टाक. उलट आता मला तो नीट जागेवर ठेवता येतोय.

तुझं ऑफिस झाडणाऱ्या बाईचं नाव तू माझं पत्र वाचून तिला विचारलंस, आणि मला ते लिहून कळवलंस. टाळ्या वाजवू का? मला ते नाव घेऊन काय करायचंय. तिला त्या नावाने हाक मार.

रविवारी फोन केलास ते मात्र केलंस. बारक्या गच्चीवर चादरींच्या रांगांमधून फिरत बोलत होता. मला अधूनमधून त्याचे पाय तेवढे दिसायचे. ऐकू यायचं ते एवढंच: "हो." "नाही, ती चांगली आहे तशी." "नाही जमणार." मग "आईला सांगू नकोस." मग हसला. हसला, ताई, मी चादरीच्या आडून डोकावून बघितलं, खरंच हसत होता. त्याला काय सांगितलंस ते मी विचारणार नाही, पण लहानपणी तूच त्याला हसवायचीस, मला ते कधी जमलं नाही.

शेवटी तो एकच वाक्य परत परत म्हणायला लागला. हळू आवाजात, पाढे म्हणावे तसं. "मी पेशंट आहे. मी पेशंट आहे." तू त्याच्याकडून पाठ करून घेत होतीस हे माझ्या लक्षात आलं. मला आधी हसू आलं आणि त्या हसण्याचाच मग संताप आला. तीस वर्षांचा बाप्या, आणि त्याला आपण आजारी आहोत हे पाठ करावं लागतं. बाकीच्यांना कुणी शिकवतं का हे? ते सरळ जाऊन बसतात. दार उघडलं की खुर्ची आपलीच आहे हे त्यांना जन्मापासून माहीत असतं.

त्याच दिवशी माझ्या हातून एक चादर फाटली. मुद्दाम नाही, नुसती हातात होती. सुपरवायझर म्हणाला, "काय झालंय तुला आजकाल?" मी म्हटलं, "चादर जुनी होती."

बारक्या म्हणतो, जाईन. कधी ते सांगत नाही. मी विचारत नाही. दर गुरुवारी दुपारी माझा जीव रोलरमध्ये अडकल्यासारखा असतो. गेले दोन गुरुवार तो गेला नाही, तळघरातच डबा उघडून बसला. तू परत फोन कर.

मधली


३१ मे

ताई,

परवा गुरुवारी गेला.

रजा टाकून गेला. पगार कापतील, कापू देत. युनिफॉर्म घातला नाही. लग्नाकार्यातला शर्ट इस्त्री करून घातला, इस्त्री मीच केली, हॉस्पिटलच्या रोलरवर, कुणाच्या बापाला भीत नाही. मी पण वर गेले आणि दाराबाहेर बाकावर बसले. मी मात्र युनिफॉर्मवर होते, त्यामुळे तेवढ्या वेळात तीन जणांनी मला संडास कुठे आहे विचारलं आणि एका बाईने तिच्या पोराने सांडलेला चहा दाखवला. मी तिला म्हटलं, "दिसला." आणि बसून राहिले.

आत काय झालं ते त्याने रात्री जेवताना सांगितलं. तुला सांग म्हणालाय, म्हणून लिहितेय.

बाई म्हणाल्या, "या, बसा." त्याच बाई, तीच खोली, आणि या वेळी या, बसा. शर्टाला म्हणाल्या. तो बसला. म्हणतो, ती खुर्ची सरकवायला हलकी आहे हे माहीत होतं, बसायला एवढी खोल आहे हे माहीत नव्हतं. बाईंनी केसपेपर बघितला आणि अगदी मायेने विचारलं, "तुम्ही चार वेळा वेळ घेतलीत आणि एकदाही आला नाहीत. काही अडचण होती का?"

तू शिकवलेलं वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं. ते त्याने म्हटलंच नाही. तो म्हणाला, "आलो होतो. चारही वेळा. तुमची खोली पुसून गेलो."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. तोंडावरून ओळख पटेना. मग त्यांची नजर त्याच्या हातांवर गेली, आणि पटली. मग म्हणाल्या, "माझं चुकलं." मी बारक्याला दोनदा विचारलं, "तुम्ही सांगायला हवं होतं असं नाही म्हणाली?" नाही म्हणाली. म्हणाली असती तर मला दुसऱ्या दिवशी दार ढकलून आत जाता आलं असतं. बारक्या म्हणतो, "रडली नाही ते बरं झालं. रडली असती तर मलाच तिला धीर द्यावा लागला असता."

मग तो बोलला. आम्हाला इतक्या महिन्यांत सांगितलं नाही ते त्या खुर्चीत सांगितलं. बसमधल्या मुलांना आई-बापांना दाखवायच्या आधी त्यांचे चेहरे त्याने धुतले. ते काम त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला फक्त नंबर बांधायचे होते. त्याने चेहरे धुतले, केसांतल्या काचा काढल्या, भांग पाडले. एका मुलीची एक वेणी सुटलेली होती. त्याने ती घातली. दुसऱ्या वेणीशी जुळेना म्हणून परत सोडून परत घातली. वेणी घालायची म्हणजे त्याचे हात आपोआप चालतात, तुला सांगितलंच. मग मुलीची आई आली. तिने वेणीला हात लावला आणि विचारलं, "ही कुणी घातली? मी अशी घट्ट घालत नाही." बारक्या मागे भिंतीला लागून उभा होता. शेजारी नर्स होती, ती म्हणाली, "आम्हीच, ताई." ती आई त्या नर्सच्या गळ्यात पडून रडली. बारक्याने दार उघडून धरलं, आणि त्या दोघी बाहेर गेल्या.

हे ऐकल्यावर त्याच्या बायकोने ताट सरकवलं आणि उठून गेली. मी बसून राहिले. मला त्या नर्सचा राग आला, त्या आईचाही आला, कशाचाही काही संबंध नसताना. त्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या होत्या ना, तिथे ती नर्स बसली असेल. तिने हे सांगितलं असेल, आणि बाकीच्यांनी तिचा हात हातात घेतला असेल.

म्हणून समजू नकोस की आता सगळं गोड झालं. तो अजून हात धुतो. वेण्या अजून चिमणीची आईच घालते, कामावर जायच्या आधी, पोरीला झोपेतून उठवून. बाई म्हणाल्या वेळ लागेल, डॉक्टरांनाही दाखवू, आणि कंत्राटी लोकांसाठी वेगळी वेळ ठेवायला वर विचारते. वर विचारून काय होतं ते मी पुष्कळ बघितलंय. एवढी मोठी वस्ती, मेलेल्यांना उचलणारी, गटारात उतरणारी, रक्ताच्या चादरी धुणारी, आणि तिच्या वाट्याला एक बाई आणि आठवड्यातली एक दुपार. तू ये. रजा टाक आणि ये, आमच्या क्वार्टरात बस, आणि कुणी विचारलं तर सांग की मी याच घरातली थोरली. त्याच्यावर उपचार करू नकोस, नियम मोडू नकोस, फक्त बसायला ये. माणसं येतील तुझ्याशी बोलायला. मी खुर्ची मांडीन, एकच, आणि मांडून बाहेर जाणार नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. बारक्या बाहेर आला तेव्हा बाई त्याच्या मागोमाग दारापर्यंत आल्या होत्या. समोर मामा उभा, बादली आणि पोछा घेऊन, खोली रिकामी व्हायची वाट बघत. मामाचं तुला ठाऊक आहे. त्याचा पोरगा गटारात उतरला तो वर आलाच नाही, तेव्हा कुणी हॉल उघडला नव्हता. दुसऱ्या दिवशी मामा कामावर होता आणि तेव्हापासून पुसलेली फरशी परत पुसत असतो. बाईंनी त्याच्याकडे बघितलं, पोछ्याकडे बघितलं, आणि जरा अडखळत विचारलं, "तुम्ही साफसफाईला आलात, की मला भेटायला?"

मामाने मागे वळून बघितलं, बाई 'तुम्ही' कुणाला म्हणतायत म्हणून. मागे कुणी नव्हतं. त्याने बादली खाली ठेवली. म्हणाला, "आलो तर होतो साफसफाईलाच." आणि तिथेच उभा राहिला, आतही जाईना आणि बादलीही उचलेना. बाई दार धरून उभ्या होत्या. मी बाकावरून उठले, त्याच्या हातातला पोछा काढून घेतला आणि त्याला आत ढकललं.

मधली